काळ्या कुंकवाची दमयंती

एका राणीला मी ऐन लग्नघरात पांढरं पातळ नेसवलं, कपाळाला काजळाचं काळं कुंकू लावलं आणि नथ उजव्या नाकपुडीत अडकवली. हे सगळं दिवसाउजेडी, पूर्ण शुद्धीत आणि वर "हुबेहूब अशीच असती" असं ठणकावून सांगत केलं. माझ्या नाती विचारतात, आजी, तू तरुणपणी हुशार होतीस का गं? मी सांगते, हुशार नव्हते, पण आवाज मोठा होता. आमच्या काळी तेवढ्यावर भागायचं.

त्या राणीपायी मी दोन प्रवास केले. एक, मंठ्याकडच्या आमच्या गावाहून जालन्याला, तिला बघायला. दुसरा वडीगोद्रीला, तिला पोचवायला. निजामाच्या मोगलाईतले दिवस, वाहन म्हणजे बैलगाडी, आणि रस्ता म्हणजे आधीच्या गाडीनं पाडलेली चाकोरी. आता सकाळी एसटीनं जालन्याला जाऊन दुपारी घरी जेवायला येणाऱ्यांना हा प्रवास खरा वाटणार नाही. न वाटो. मला तरी कुठं वाटतो?

निघायचं कारण

अनसा माझी नणंद, माझ्याहून थोडी धाकटी. तिचं एकदा जमलेलं लग्न मोडलं होतं. सुपारी फुटली, तिथी ठरली, आणि त्या मुलाच्या आजोबांच्या डोक्यावर पाल पडली. अवलक्षण झालं, म्हणाले, मुलगी नको. पाल त्यांच्या आढ्यावरची, डोकं त्यांच्या आजोबांचं, आणि दोष आमच्या अनसाचा. दुसऱ्यांदा असं झालं तर तिसरं स्थळ दारात येणार नव्हतं. घरात हे कोणी बोलत नव्हतं आणि सगळ्यांना ठाऊक होतं.

अशात वडीगोद्रीचं स्थळ जुळलं. होणारी विहीणबाई घर बघायला आली. बाई उंचीला बेताची, पण बसली की बैठक भरून जायची. चहा झाल्यावर तिनं रुखवताचा विषय काढला. रुखवत म्हणजे मुलीकडच्यांनी मांडायचा थाट: लाडू, करंज्या, शेवया, आणि मुलीच्या हातचं शिवणटिपण, बाहुल्या, चित्रं.

"थोरल्या सुनंच्या रुखवतात साखरेची गाडी होती, बैलांसकट," विहीणबाई म्हणाली. "रुखवत बघितलं की पोरीचे हात कळतेत अन् घरची रीतबी कळती. बघू, ह्या दुसऱ्या सुनंकडनं काय येतंय."

आमची अनसा तिफण धरायला दिली तर दोरी लावल्यासारखं पेरायची, पण सुई हातात दिली की सुईलाच घाम फुटायचा. सासूबाई, म्हणजे आत्याबाई, कपबश्या गोळा करायला लागल्या. अनसा जमिनीकडं बघत राहिली. आणि दाराआडून एक आवाज आला, "दमयंती राणी येणार हाय! हंसासकट!"

तो आवाज माझा होता. मी दमयंती कधी पाहिलेली नव्हती. श्रावणात पोथी ऐकली होती तेवढीच. पण माझं माहेर वऱ्हाडातलं आणि दमयंतीही वऱ्हाडातली, तेव्हा ती नात्यातलीच असं मी धरून चालले होते.

"कोण बोललं हे?" विहीणबाईनं विचारलं.

"आमची सून," आत्याबाई म्हणाल्या. "वऱ्हाडातली हाय," आणि कपाळावर हात मारावा तसा पदर पुढं ओढला.

लग्नाचं कापड घ्यायला, म्हणजे बस्ता बांधायला, जालन्याला जायचंच होतं. आत्याबाईंनी मला बजावलं, "जीभ उचलून टाळ्याला लावलीस ना? आता चल, अन् ती राणी कुठं दिसती का बघ. न्हाई दिसली तं तूच बस रुखवतात, हंस घेऊन."

वाटूर

गाडी हाकायला चुलत सासरे भिवाकाका होते. माणूस भला, पण बैलांशी जितकं बोलायचे त्याच्या निम्मंही माणसांशी नाही. वाटूरला आम्ही मुक्काम केला. पिंपळाखाली बैल सोडले, धपाटे काढले. शेजारच्या घरातून एका म्हातारीनं दह्याचं गाडगं आणून दिलं. आमच्याकडं अनोळखी माणसाला आधी जात विचारतात, मग पाणी देतात. तिनं आधी दही दिलं आणि मग जात विचारली. माणसं चांगली असल्याची खूण मी त्या दिवसापासून हीच धरते.

राणीची चौकशी मी तिथूनच सुरू केली. म्हातारीनं मांडी ठोकली. "दमयंती? मी बघितलीय की! जत्रंत खेळ आल्ता. हे असे खांदे!" तिनं दोन्ही हात पसरून दाखवले. "परतूरचा गडी होता. मिशी काढल्याली, पर गालाला हिरवट झाक राह्यल्ती. मदी मदी कनातीमागं जाऊन बिडी वढायचा. पर रडाया लागला का बाया पदर पिळायच्या. नळराजापरीस हातभर उंच होता. नळ सोडून गेल्यावर मला वाटलं, बाई, तूच उचल की त्याला अन् चल."

अनसा इतकी हसली की तिला उचकी लागली. लग्न मोडल्यापासून मी तिला तसं हसताना पाहिलं नव्हतं. आत्याबाईंनी मात्र काळजीनं विचारलं, "मंग बाहुलीचे खांदे केवढे करायचे?"

जालना: दुकानातली राणी

जालना दिसायला लागलं की भिवाकाका दरवेळी म्हणायचे, "जालना, सोने का पालना." एवढंच बोलून परत गप्प. मला सोनं काही दिसलं नाही. कापसाच्या गाड्यांची रांग दिसली, जिनिंगचा भोंगा ऐकला आणि आमचा डावा बैल त्या भोंग्याला घाबरून एका नानखटाईवाल्याच्या पाटीत तोंड घालून उभा राहिला. घाबरलेला प्राणी इतक्या चवीनं खाताना मी त्याआधी आणि त्यानंतर पाहिला नाही.

जालन्यात सगळे उठल्या उठल्या चहा प्यायचे. आमच्याकडं चहा पाहुण्याला किंवा तापाला. धर्मशाळेत सकाळी माझ्यापुढं कप आला तेव्हा आत्याबाईंनी माझ्या कपाळाला हात लावून बघितला.

कापडदुकानात गादीवर बसलो आणि समोर ती! सोनेरी चौकटीत, काचेमागं. लाल पातळ, हिरवा काठ, गोरे भरलेले दंड, खांबाला टेकलेली, आणि कठड्यावर पांढरा हंस मान वाकडी करून तिला काहीतरी सांगतोय. खाली नाव होतं, मी वाचलं. अक्षरओळख मला भावानं करून दिली होती आणि त्याचा मला भयंकर गर्व होता.

दुकानदार पक्का होता. लाल लुगडं काढलं की म्हणायचा, "बघा, राणीनं नेसलंय तेच." हिरवं काढलं, "राणीच्या काठाचा रंग." आत्याबाईंनी जांभळं मागितलं. त्यानं चित्राकडं नीट पाहिलं, जांभळं कुठंच सापडेना. मग म्हणाला, "लगीन झाल्यावर नेसायची ती." भिवाकाकांच्या धोतरजोडीलासुद्धा त्यानं नळराजाची साक्ष काढली.

आता कोणीही शहाणी बाई हे चित्र डोळ्यांत साठवून घरी गेली असती आणि ही गोष्ट इथंच संपली असती. मी काय केलं? मी चित्राकडं टक लावून बसले. कारण पोथीत ऐकलेलं आठवलं. दमयंतीच्या स्वयंवरात चार देव नळाचं रूप घेऊन बसतात. पाच नळ, सगळे सारखे. तिनं खरा कसा ओळखला? देवांची पापणी लवत नाही, माणसाची लवते. जो डोळे मिटतो-उघडतो तो खरा, त्याच्या गळ्यात माळ. म्हटलं, तिचीच परीक्षा तिला लावावी. मी बघत राहिले, बघत राहिले. ती पापणी लववेना. माझ्याच डोळ्यांतून पाणी आलं.

"काय करून राह्यलीस गं?" आत्याबाईंनी कोपरानं ढोसलं.

"ही खरी न्हाई," मी म्हटलं.

दुकानदारानं पटकन हातातलं पातळ खाली ठेवलं. "बाई, एकदम अस्सल माल आहे हो!"

तंबूतली राणी

दुपारी जालन्यातल्याच कादराबाद पेठेत बांगड्या भरायला गेलो. रहीमन चाची मनियारीण दरसाल आमच्या बाजाराला यायची, म्हणून ओळखीची. तिनं अनसाचा हात धरला.

"ढीला छोड गे बेटी. मैं तेरेकू मारने बैठी क्या? सासरे में बी ऐसाच मुठ्ठी बांध के बैठेंगी?"

अनसा हळूच म्हणाली, "चाची, आधी सासरी पोचू तं द्या."

चाचीला आधीचं सगळं माहीत होतं. तिनं चुडा भरून झाल्यावर तो हात क्षणभर तसाच धरून ठेवला. मग एकदम मोठ्यानं म्हणाली, "नदी के बाजू में तंबू लगा है. दमयंती का खेल! फोटू चलता, फिरता. चलो, मैं बी आती. औरतां की जगा अलग है, बिलकुल परदे में."

आता ही परद्यातली जागा नीट समजून घ्या, कारण पुढचा सगळा घोटाळा तिथंच जन्मला. तंबूच्या मधोमध मोठं पांढरं कापड टांगलेलं. पुरुष कापडाच्या पुढं, यंत्राच्या बाजूला. बायका कापडाच्या मागं. म्हणजे परदा तोच आणि पडदाही तोच; एका कापडात दोन कामं. चित्र आमच्या बाजूला उमटावं म्हणून खेळाआधी एक माणूस बादली घेऊन आला आणि कापडावर पाण्याचे सपकारे मारून गेला. पहिल्या रांगेतल्या आम्ही अर्ध्या भिजलो.

मागून बघितलं की डावं ते उजवं होतं, हे मला आज कळतं. तेव्हा कोणाला? चित्रं तेव्हा मुकी होती. मधे मधे पडद्यावर अक्षरं यायची. आमच्यात वाचता येणारी मी एकटी. सगळ्या बाया माझ्याकडं वळल्या, "काय लिहिलंय गं?" मी बघते तो एक अक्षर ओळखीचं नाही, सगळी पाठमोरी. पण कबूल करते की काय! मी म्हटलं, "उर्दू हाय. उजवीकडनं वाचायचं असतं." रहीमन चाचीनं डोळे बारीक करून पाहिलं. तिलाही वाचता येत नव्हतं. ती म्हणाली, "हौ, हैदराबाद की उर्दू होयेंगी."

पेटी वाजायला लागली आणि राणी आली.

थट्टा करून करून मी म्हातारी झाले, पण त्या क्षणाची थट्टा मला आजही पूर्ण करता येत नाही. ती चालत आली. तिच्या पदराची कड वाऱ्यानं हलली. हंसाला हात लावताना तिची बोटं आधी बिचकली, मग टेकली. हंस बदकच होतं आणि त्याच्या पायाची दोरी दिसत होती, ते असो. मग तिनं आमच्याकडं पाहिलं, सरळ माझ्याकडं, आणि पापणी लववली.

मी ओरडले, "हीच! हीच खरी!"

"बैठ गे दीवानी," चाचीनं मला पदराला धरून खाली ओढलं.

आत्याबाईंची वेगळीच पंचाईत. नळराजा पडद्यावर आला की त्या डोक्यावरचा पदर हनुवटीपर्यंत ओढायच्या. परपुरुष, आणि एवढा मोठा, आणि एकटक बघणारा. स्वयंवरात एकदम पाच नळ आले तेव्हा त्या पाठ करूनच बसल्या. त्यामुळं त्यांनी खेळ निम्माच पाहिला, आणि हे त्यांनी पुढं कधी कबूल केलं नाही.

मी मात्र सगळं टिपत होते. चेहरा खडूसारखा पांढरा. ओठ काळे. कुंकू काळं. पातळ पांढरं, काठ राखाडी. नथ उजवीकडं.

बाहेर पडताना मी म्हटलं, "पांढरं पातळ! राणी असून!"

चाची हसली. "पानी मारे ना उन्ने, रंग धुल गया होयेंगा."

मी तिला जिंकू देणार होते थोडीच. "राणीच्या पातळाचा रंग कच्चा असतोय व्हय, चाची?"

अनसा मागून म्हणाली, "वैनी, झाडंबी काळी-पांढरीच होती की. अन् बदकबी."

"ते चांदणं होतं," मी म्हटलं.

"अन् सूर्य होता की वर."

"तू लग्नाची पोर हाईस. गप चल."

परतीची वाट

जालन्याहून मंठ्यापर्यंत भिवाकाकांचा आणि माझा वाद चालला. ते तंबूत पुरुषांत बसून पुढून बघणारे.

"नथ डावीकडं होती," ते म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदाच ते बैलांना सोडून कशाबद्दल तरी बोलत होते.

"उजवीकडं!"

"म्या समोर बसल्तो."

"म्या काय झाडावर बसल्ते?"

"सूनबाई, डावीकडं."

"काका, तुम्ही बाईच्या नाकाकडं बघितलंच कशाला?"

यावर त्यांनी एकदम बैलांना चुचकारलं आणि पार गाव येईतो परत तोंड उघडलं नाही. मी जिंकले. माझे सगळे विजय असेच आहेत.

घरी आल्यावर बाहुलीला मामंजींच्या, म्हणजे सासऱ्यांच्या, जुन्या धोतराचं पातळ झालं. तोंडाला खडू, ओठाला काजळ, कपाळाला काजळ. हंस कापसाचा. आत्याबाई बाहुलीकडं दोन्ही बाजूंनी बघून म्हणाल्या, "पांढरं कसं गं हे? लग्नाचं काम हाय."

"आत्याबाई, तुम्ही बघितलं का न्हाई? का तोंड झाकून बसल्ता?"

"बघितलं की! सगळं बघितलं!" त्या घाईघाईनं म्हणाल्या. "पांढरंच होतं. बराबर हाय."

अनसा कोपऱ्यात शेंगा फोडत होती. तिनं एकदा बाहुलीकडं पाहिलं, एकदा आईकडं, एकदा माझ्याकडं. "वैनी, निदान एक लाल चिंधी..."

"हुबेहूब करायचंय का न्हाई?" मी गरजले.

ती पुन्हा शेंगा फोडायला लागली, पण आता जरा जोरात.

वडीगोद्री

लग्न मुलाकडं होतं. गंगथडीची, म्हणजे गोदाकाठची, रीत आमच्याहून निराळी. आमचं वरण तिखट, त्यांच्यात गुळाचा खडा. आमच्याकडं वऱ्हाड दारात आलं की पाणी. त्यांच्याकडं पाण्याआधी पायावर दूध. त्या दुधाला वाटेतली धूळ लागून आमच्या पायांवर लगदा झाला, आणि जानवशाच्या, म्हणजे आम्हाला उतरायला दिलेल्या, घरात आम्ही सगळे मेंढरासारखे ठसे उमटवत शिरलो.

वाटेत एक घात झाला होता. दुधनेच्या उतारावर गाडी कलली आणि आत्याबाई हंसावर बसल्या. जानवशात पोचल्यावर मी त्याला ओढून, थोपटून पाहिलं. तो पोळीसारखाच राहिला. मी तो तसाच राणीच्या पायाशी ठेवला आणि म्हटलं, झोपलाय.

संध्याकाळी विहीणबाई आली. संगं त्यांच्या भावकीतल्या पंधरा-वीस बाया, वाजंत्री, आणि विहीणबाईच्या हातात वाटी: नवऱ्याला लावून उरलेली हळद, उष्टी हळद म्हणतात ती, नवरीसाठी. अनसा पाटावर बसलेली, नजर खाली. विहीणबाई म्हणाली, "आधी रुखवत दावा. त्या दिशी लई आवाज आल्ता दाराआडून."

मी मोठ्या दिमाखात चादर ओढली.

वाजंत्रीवाल्यांना आतलं दिसत नव्हतं, ते वाजवत राहिले. बाकी सगळं थांबलं. लाडू पिवळे, करंज्या तांबूस, शेवयांवर लाल-हिरवा रंग, आणि मधोमध माझी राणी: पांढरीफटक, काळ्या ओठांची, काळ्या कपाळाची. त्या रंगांत तिला ठेवल्यावर मला पहिल्यांदा ती इतरांना दिसेल तशी दिसली. तंबूत सगळंच पांढरं-काळं होतं, म्हणून ती शोभत होती. इथं ती एकटी होती.

"अगं बया!" कोणीतरी म्हणालं.

विहीणबाईचा आवाज खालच्या पट्टीत आला, आणि तो जास्त भीतीचा होता. "पांढरं पातळ? काळं कपाळ? माझ्या लेकाच्या लग्नात हे अवलक्षण कुणी मांडलं?"

अवलक्षण. तोच शब्द. आत्याबाईंचा हात माझ्या दंडात रुतला. आता गप्प बसायचं, एवढंच माझं काम होतं. आणि मी म्हटलं, "ही वनवासातली दमयंती हाय. नळराजानं टाकल्यावरची."

"टाकल्यावरची!" विहीणबाई किंचाळली.

मागून एक म्हातारी पुटपुटली, "ह्या पोरीचं आधीबी एक मोडलंय म्हणं." वाटी धरलेला विहीणबाईचा हात मागं गेला. जायला वळलेली बाई पाठीवरून ओळखू येते. ती वळत होती.

तेव्हा अनसा बोलली. पाटावर बसलेल्या नवरीनं बोलायचं नसतं, ती बोलली. आवाज शांत, पण वाजंत्रीतूनही स्पष्ट ऐकू येणारा.

"सासूबाई, राणी कोरी ठेवलीय. तिला हळद लागायची हाय अजून."

विहीणबाई थांबली.

"माझ्याआधी तिला लावा. तुमच्या हातची उष्टी हळद लागल्याबिगर तिला रंग चढवायचा न्हाई, असं आमच्या घरी ठरलंय. आम्हीच लाल-पिवळी करून आणली असती तं तुमचा मान कुठं राह्यला असता?"

"अन् ते काळं कुंकू?"

माझ्याकडं तिनं बघितलं नाही. तेवढी ती शहाणी होती. "ते कुंकू न्हाई. कुंकू कुठं लावायचं त्याची खूण हाय. राणीचं कपाळ, सासूबाई. जागा चुकाया नको."

विहीणबाईनं वाटीकडं पाहिलं, राणीकडं पाहिलं, मागं उभ्या बायांकडं पाहिलं. सगळ्यांच्या देखत तिला असा मान कधी कोणी दिलेला नव्हता, साखरेच्या बैलांनीसुद्धा नाही. तिनं बोट हळदीत बुडवलं आणि मामंजींच्या धोतरावर पहिली पिवळी रेघ ओढली. मग करंडा मागवून काळ्या ठिपक्यावर लाल कुंकू टेकवलं. मग काय, पंधरा-वीस बाया पुढं सरसावल्या, प्रत्येकीला राणीला हळद लावायची होती. माझी दमयंती पिठल्यात पडल्यासारखी झाली. हंसालाही लावली. झोपेतच.

शेवटी विहीणबाई अनसाकडं वळली, तिची हनुवटी वर केली आणि गालाला हळद लावली. अनसानं डोळे मिटले. पिवळी हळद गालावर, आणि तिच्यावरून सरळ खाली आलेली पाण्याची एक रेघ. आत्याबाईंनी माझा दंड सोडला. तिथं चार बोटं उमटली होती.

आणि तेवढ्यात विहीणबाईचं लक्ष राणीच्या नाकाकडं गेलं. "नथ उजवीकडं कशी गं?"

अनसाचे डोळे अजून मिटलेलेच होते. सगळ्या माझ्याकडं बघत होत्या. मी खाली मान घातली आणि जन्मात पहिल्यांदा काहीच बोलले नाही. विहीणबाईला त्यात काय दिसलं कोण जाणे. ती स्वतःशीच "हां हां" म्हणाली आणि मान डोलवत पुढच्या लाडवांकडं गेली.

लग्न झालं. अनसा सुखात राहिली, सासूच्या वरचढ झाली, तिचं सगळं चांगलं झालं.

पुढं मी नीट पुढच्या बाजूला बसूनही कैक राण्या पाहिल्या: बोलणाऱ्या, गाणाऱ्या, रंगीत. पुढून पाहिल्यावरच भिवाकाकांचं डावं-उजवं मला उमगलं; पण तोवर ते गेले होते, त्यामुळं माझा विजय कायम आहे.

काही वर्षांनी अनसाच्या धाकट्या दिराच्या लग्नाला मी वडीगोद्रीला गेले. नव्या मुलीकडच्यांनी रुखवतात फार देखणी बाहुली आणली होती: जरीचं लाल पातळ, ओठ लाल, नथ डावीकडं. विहीणबाई आता पिकल्या होत्या, पण बैठक अजून भरत होती. त्यांनी बाहुली उचलली, उलटी-सुलटी केली आणि त्या बिचाऱ्या लोकांना परत देऊन टाकली. अनसा खांबामागं पदर तोंडात कोंबून उभी होती. मी न राहवून विचारलं, "काय झालं, विहीणबाई? चांगली तं हाय राणी."

त्यांनी माझ्याकडं कीव केल्यासारखं पाहिलं आणि म्हणाल्या, "आमच्या घरात राणी कोरीच लागती, बाई. हळद वरमाईनं लावायची, अन् नथ उजवीकडंच पायजे. डावीकडं घातली का ती राणी न्हाई राह्यली, तुमच्या-आमच्यासारखी बाई झाली. माझ्या सासूच्या सासूपासनं चालत आल्याली रीत हाय ही. तुम्हा मंठ्याकडच्या लोकांला ठाऊक नसंल, तं बघून घ्या अन् शिका."